म्हाताऱ्या मांजराचं वजन उतरवायचंय? वेट फूडचं पाकीट आधी उलटं करा

मांजर दहा-अकरा वर्षांचं झालं की पोट लोंबायला लागतं. उडी मारायच्या आधी ते थबकतं, आणि पाठीच्या टोकापर्यंत जीभ पोचत नाही म्हणून शेपटीजवळचे केस गुंतलेले राहतात. घरात सगळे म्हणतात, वय झालं आता. वयाचा भाग असतोच, पण बऱ्याचदा त्यात वजनाचाही मोठा भाग असतो. म्हाताऱ्या मांजरांचे सांधे बहुधा झिजलेले असतात आणि प्रत्येक जादा शंभर ग्रॅम त्याच सांध्यांवर येतात. आजवर कोरडे दाणे वाटीत भरून ठेवत आलेल्या आणि आता पहिल्यांदाच वेट फूडच्या, म्हणजे डब्या-पाकिटातल्या ओल्या अन्नाच्या, रांगेपुढे गोंधळून उभ्या असलेल्या लोकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

मुळात एक फरक लक्षात घ्या. तीन वर्षांच्या गुबगुबीत बोक्याचं वजन उतरवणं वेगळं आणि बारा वर्षांच्या मांजराचं वेगळं. उतारवयात मांजराचे स्नायू तसेही झडत असतात, आणि अनेक म्हाताऱ्या मांजरांना प्रथिनं व फॅट पूर्वीइतकी नीट पचत नाहीत. अशा वेळी नुसतं खाणं कमी केलं तर काट्यावरचा आकडा उतरतो, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. म्हणून म्हाताऱ्या मांजराचं अन्न निवडताना ‘दर १०० कॅलरींमागे प्रथिनं किती’ हा आकडा मी सगळ्यात वर धरते. बाकीचं बहुतेक त्याच्यामागून येतं.

आधी डॉक्टर

हे कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. म्हाताऱ्या मांजरांत किडनीचे आजार, थायरॉइड वाढणं आणि डायबेटिस सर्रास आढळतात, आणि तिन्हींचा खाण्याशी थेट संबंध आहे. डॉक्टरांना रक्त आणि लघवी तपासायला सांगा, थायरॉइड आणि रक्तदाब बघायला सांगा, दात दाखवा. दाताच्या दुखण्यामुळे खाणं टाळणाऱ्या मांजराला आपण ‘नखरेल’ म्हणून मोकळे होतो.

दोन प्रसंगी तर स्वतःच्या मनाने काहीच बदलायचं नाही. मांजराला इन्सुलिन चालू असेल तर कोरड्या खाण्यावरून कमी कर्बोदकांच्या वेट फूडवर आल्यावर त्याची इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. दुसरा प्रसंग किडनीचा. तिथे फॉस्फरस आणि प्रथिनांचं गणित डॉक्टर ठरवतात आणि वजन घटवणं हे सहसा उद्दिष्टच नसतं.

मांजर काहीही न बदलता आपोआप बारीक होत असेल तर खूश होऊ नका. उतारवयात ते बहुधा आजाराचं लक्षण असतं.

जाड आहे म्हणजे किती जाड

नुसत्या नजरेवर जाऊ नका, लांब केसांचं मांजर असेल तर मुळीच नको. हात लावून बघा. स्वतःचा पंजा पालथा धरून त्याच्या मागच्या हाडांवरून बोट फिरवा. ठीक वजनाच्या मांजराच्या बरगड्या साधारण तशा लागतात. बरगड्या शोधायला दाब द्यावा लागत असेल तर वर चरबी आहे. वरून पाहिल्यावर फासळ्यांमागे कंबर दिसायला हवी. पोटाखाली झुलणारी सैल कातडी मात्र बहुतेक मांजरांना असतेच, तिला चरबी समजू नका.

डॉक्टर यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात. त्यात ५ म्हणजे योग्य, आणि त्याच्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन. ६ किलोच्या मांजराला ७ गुण मिळाले तर ते सुमारे २० टक्के जाड आहे, म्हणजे त्याचं योग्य वजन ५ किलोच्या आसपास.

त्याच वेळी पाठीचा कणा, खांद्याची पाती आणि कपाळाच्या बाजू चाचपा. पोट भरलेलं, पण कणा टोचतोय, असं मांजर म्हाताऱ्यांमध्ये खूप दिसतं. वरून जाड आणि आतून स्नायू गेलेले. अशा मांजराला कमी प्रथिनांचं ‘डाएट’ खाणं घालणं सगळ्यात वाईट.

दिवसाला किती कॅलरी

यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो. मांजराचं योग्य वजन किलोमध्ये घ्या, आत्ताचं नाही. ते तीनदा एकमेकांशी गुणा, आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ५ किलोसाठी ५ × ५ × ५ म्हणजे १२५, वर्गमूळ ११.१८, परत वर्गमूळ ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४. शरीराला नुसतं पडून राहायला एवढ्या कॅलरी लागतात. वजन उतरवण्यासाठी याच्या ८० टक्के धरतात, म्हणजे सुमारे १८७. (पाकिटावर यालाच किलोकॅलरी म्हटलेलं असतं. बोलताना आपण कॅलरीच म्हणतो.)

पण लगेच या आकड्यावर उडी मारू नका. आधी एक आठवडा मांजर आत्ता किती खातंय ते ग्रॅममध्ये मोजा, येता-जाता घातलेल्या घासांसकट. ते रोज ३०० कॅलरी खात असेल तर एकदम १८७ वर आणणं क्रूरपणा आहे आणि धोकाही. दर दोन आठवड्यांनी साधारण १० टक्क्यांनी उतरत या. कित्येकदा १८७ पर्यंत जायची वेळही येत नाही, वजन आधीच उतरायला लागतं.

ओलंच का?

वेट फूडमध्ये ७५ ते ८२ टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम १०. पाण्याला कॅलरी नसते. त्यामुळे १८७ कॅलरींसाठी कोरडे दाणे पन्नासेक ग्रॅम घालावे लागतात आणि हलकं वेट फूड असेल तर २५० ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे वाटीच्या तळाशी पसरलेले मूठभर दाणे. ते संपवून मांजर तुमच्याकडे जे बघतं ते सहन करणं अवघड असतं, आणि बहुतेकांची शिस्त तिथेच मोडते. शिवाय मांजर मुळात पाणी कमी पितं आणि म्हाताऱ्या किडनीला पाण्याची गरज जास्त. कोरड्या दाण्यांना आकार द्यायला पिष्ट लागतंच, वेट फूडला ते फारसं लागत नाही, त्यामुळे कर्बोदकं कमी ठेवणं जमतं.

म्हणून ओलं ते सगळं हलकं असं मात्र नाही. काही डबे फॅटने इतके भरलेले असतात की त्यावर मांजर आणखी सुटेल.

पाकिटाची मागची बाजू

आता मुख्य काम. पाकीट उलटं करा आणि सगळ्यात आधी ‘कम्प्लीट’ हा शब्द शोधा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा ‘कम्प्लीट पेट फूड’ असं लिहिलेलं असेल तरच ते रोजचं जेवण होऊ शकतं. ‘कॉम्प्लिमेंटरी’, ‘सप्लिमेंटल’ किंवा ‘टॉपर’ लिहिलेलं पाकीट बाजूला ठेवा. पारदर्शक रश्शात मांसाचे तुकडे असलेले ते देखणे छोटे डबे बहुधा याच जातीचे असतात. कॅलरी अगदी कमी, प्रथिनं भरपूर, पाहून मोह होतो. पण त्यात टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल), जीवनसत्त्वं आणि खनिजं पुरेशी नसतात. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना इजा होते.

मग आकड्यांचा तक्ता. प्रथिनं, फॅट, फायबर, राख आणि पाणी, सगळं टक्क्यांत. राख म्हणजे खनिजांचा भाग. ती दिलेली नसेल तर वेट फूडसाठी २ टक्के धरा. या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा केली की उरतात ती कर्बोदकं, पाकिटावर सहसा ती लिहीत नाहीत. कॅलरी लिहिलेल्या नसतील तर प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने, फॅट ८.५ ने गुणून बेरीज करा. १०० ग्रॅममागच्या कॅलरी मिळतात. (किलोमागे दिल्या असतील तर १० ने भागा.)

दोन पाकिटं घेऊन बघू. पहिल्यात प्रथिनं ११, फॅट ३, फायबर १, राख २, पाणी ८०. कर्बोदकं उरली ३. कॅलरी ३८.५ + २५.५ + १०.५ म्हणजे सुमारे ७५. दुसऱ्यात प्रथिनं ९, फॅट ७, फायबर अर्धा, राख २, पाणी ७८. कर्बोदकं साडेतीन, कॅलरी सुमारे १०३. वरवर पाहता प्रथिनं ११ आणि ९, काय मोठा फरक? पण आता १०० कॅलरींमागे काढा: पहिल्यात १४.८ ग्रॅम, दुसऱ्यात ८.७. आपल्या ५ किलोवाल्या मांजराच्या १८७ कॅलरींमध्ये पहिल्या पाकिटातून साडेसत्तावीस ग्रॅम प्रथिनं जातात, दुसऱ्यातून सोळा. स्नायू टिकवायला मांजराला दर किलो वजनामागे रोज साधारण ५ ग्रॅम प्रथिनं लागतात असं धरतात, म्हणजे इथे पंचवीस. दुसरं पाकीट तिथवर पोचतच नाही.

पाणी वजा करून उरलेल्या कोरड्या भागात प्रथिनांचे टक्के बघा, असा सल्ला बरेच जण देतात. कोरड्या आणि ओल्या खाण्याची तुलना करायला तो ठीक आहे. पण त्या हिशेबाने आपलं दुसरं पाकीटही ४१ टक्के दाखवतं आणि छान वाटतं, कारण त्यातलं फॅट कुठे दिसतच नाही. कॅलरीमागे मोजलं की लपायला जागा उरत नाही.

माझा ठोकताळा असा: १०० ग्रॅममागे ७० ते ९० कॅलरी आणि १०० कॅलरींमागे किमान १० ग्रॅम प्रथिनं, १२च्या वर असतील तर उत्तम (१८७ कॅलरींतच पंचवीस ग्रॅम बसवायचे तर साडेतेराच्या आसपास हवीत). कर्बोदकं ५ टक्क्यांच्या आत. एवढं जमलं की मग चवीचा विचार करा.

पाकिटावरचे प्रथिनं आणि फॅटचे आकडे ‘किमान’ म्हणून दिलेले असतील तर आत प्रत्यक्षात जास्त असू शकतं, आणि फॅटच्या बाबतीत ते महागात पडतं. कंपनीला सरळ ईमेल करून सरासरी आकडे मागा, सोबत फॉस्फरसही विचारा. निरोगी किडनी असली तरी म्हाताऱ्या मांजरासाठी फॉस्फरस बेताचा असलेला बरा. घटकांच्या यादीत सोडियम फॉस्फेट, ट्रायपॉलिफॉस्फेट अशी क्षारांची नावं दिसली तर मी ते पाकीट परत ठेवते. हाडा-मांसातल्या फॉस्फरसपेक्षा हे क्षार लवकर शोषले जातात आणि किडनीवर जास्त ताण देतात. जी कंपनी आकडे द्यायला टाळाटाळ करते तिच्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेही पाण्यासकट. त्यामुळे ‘चिकन’ पहिलं आहे यावरून फार काही सिद्ध होत नाही. फुप्फुस, यकृत अशा अवयवांना ‘बाय-प्रॉडक्ट’ म्हणतात आणि लोक नाक मुरडतात. मांजराचं मत विचाराल तर ते आधी तेच खाईल.

पुढच्या बाजूचे शब्द

‘सीनिअर’ या शब्दावर विसंबू नका. अमेरिकेतली आफ्को ही संस्था ज्या पोषण-प्रमाणांची यादी ठरवते त्यात वाढती पिल्लं आणि प्रौढ मांजरं एवढेच गट आहेत. म्हाताऱ्यांसाठी वेगळा गट नाही. म्हणजे ‘सीनिअर’ पाकिटात काय असेल ते कंपनीच्या मर्जीवर. काहींत प्रथिनं कमी केलेली असतात, काहींत कॅलरी वाढवलेल्या. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ म्हणजे पिल्लांनाही चालेल असं, बहुधा जड. ‘लाइट’ला मात्र आफ्कोच्या नियमांत अर्थ आहे: वेट फूड असेल तर किलोमागे जास्तीत जास्त ९५० कॅलरी. ‘रिड्यूस्ड कॅलरी’ म्हणजे फक्त दुसऱ्या एखाद्या पदार्थापेक्षा कमी, आणि तो दुसरा पदार्थ किती जड होता देव जाणे. ‘ग्रेन-फ्री’चा वजनाशी काही संबंध नाही, धान्याऐवजी बटाटा, वाटाणा किंवा साबुदाण्याचं पीठ येतं.

ग्रेव्ही की पाते (बारीक वाटून घट्ट केलेलं मांस), हा प्रश्न नेहमी येतो. ग्रेव्ही घट्ट करायला पिष्ट, गव्हाचं ग्लूटेन, कधी साखरही घालतात, त्यामुळे कर्बोदकं पात्याहून बहुधा जास्त. पात्यात कर्बोदकं कमी, पण फॅट जास्त असू शकतं. वर केलेला हिशेब दोघांनाही लावा. मासा अधूनमधून ठीक, रोज ट्यूना नको: त्यात पारा असतो, आणि मांजराला त्याची अशी चटक लागते की मग दुसरं काही चालत नाही. माणसांसाठीचा डबाबंद ट्यूना तर नकोच.

खाणं बरंच कमी करावं लागणार असेल, म्हणजे मांजर खूप जाड असेल, तर साधं वेट फूड पुरत नाही. साध्या अन्नातली जीवनसत्त्वं पूर्ण वाटी खाल्ली जाईल या हिशेबाने घातलेली असतात, वाटी अर्धी केली की तीही अर्धी होतात. डॉक्टरांकडून मिळणाऱ्या वजन घटवण्याच्या खास अन्नात ती मुद्दाम वाढवलेली असतात. त्यातल्या काहींचा भर फायबरवर असतो, काहींचा प्रथिनांवर. म्हाताऱ्या मांजरासाठी मी प्रथिनांचं मागेन.

बदल सावकाश

इथे घाई केली तर मांजराच्या जिवावर बेतू शकतं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत काम करेनासं होतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत खरं नाही. २४ तास काहीच खाल्लं नाही, किंवा दोन दिवस नेहमीच्या निम्म्याहून कमी खाल्लं, तर डॉक्टरांना फोन करा आणि तोवर जुनं खाणं परत द्या.

पहिल्या आठवड्यात अन्न बदलू नका, फक्त वेळ बदला. भरलेली वाटी उचला आणि दिवसातून तीन-चार वेळा मोजून द्या, अर्ध्या तासाने उरलेलं काढून घ्या. ठरावीक वेळी भूक लागायला लागली की नवीन वासाबद्दल कुतूहल वाढतं. मग नेहमीच्या दाण्यांशेजारी वेगळ्या पसरट ताटलीत चमचाभर वेट फूड ठेवा. खाल्लं नाही तरी चालेल, फक्त शेजारी असू दे. मग त्यावर दोन-चार दाणे चुरडून घाला. दाणे कमी आणि ओलं जास्त करत जायला एरवी ७ ते १० दिवस सांगतात. जन्मभर दाण्यांवर वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. लागू देत.

फ्रीजमधलं अन्न तसंच देऊ नका. वयाबरोबर वास घ्यायची शक्ती मंदावते, आणि मांजर वासावरच खातं. थोडं गरम पाणी मिसळून अंगाइतकं कोमट करा, पाण्याने वाटीही मोठी दिसते. मान किंवा कोपर दुखत असेल तर ताटली चार-पाच इंच उंचावर ठेवा. औषधाची गोळी या नव्या अन्नात लपवू नका. एकदा कडू लागलं की ते अन्न कायमचं बाद.

उघडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. ताटलीतलं ओलं अन्न तासा-दोन तासांनी टाकून द्या.

मोजणं आणि वरचं खाणं

किचनचा ग्रॅममध्ये मोजणारा काटा वापरा. ‘एक पाउच’ हे माप नव्हे, पाउच ५० ग्रॅमचेही असतात आणि १०० चेही. हिशेब रोजच्या कॅलरींचा ठेवा. आपलं पहिलं पाकीट ८५ ग्रॅमचं असेल तर त्यात ६४ कॅलरी, म्हणजे दिवसाला तीन पाकिटं आणि वर काही नाही.

वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसायला हवं. १८७ पैकी १८-१९. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण ते ओततानाही आपले डोळे मिटलेलेच असतात: १०० मिलिलिटर साध्या दुधात साठेक कॅलरी असतात, म्हणजे दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. दूध बंद करा. घरातल्या प्रत्येकाला सांगा, विशेषतः ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणाऱ्याला.

घरात दुसरं मांजर असेल तर वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू घाला. बारीक मांजराचं उरलेलं जाड मांजर संपवतं हा निसर्गनियम आहे. मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणाऱ्या वाट्याही मिळतात. पहाटे चारला उठवणाऱ्या मांजरासाठी रात्रीचा एक हिस्सा वेळ लावलेल्या फीडरमध्ये ठेवा. भांड्याखाली बर्फाची पिशवी असलेले फीडर ओल्या अन्नाला चालतात.

काट्यावर काय दिसायला हवं

दर दोन आठवड्यांनी, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करा. मांजराला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहणं चालतं, पण त्यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते आणि आपला फरक तेवढाच असतो. तान्ह्या बाळांचा काटा उत्तम. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरणं पुरे, ६ किलोच्या मांजरात ३० ते ६० ग्रॅम. या चालीने एक किलो उतरायला चार ते आठ महिने जातात. दोन टक्क्यांहून वेगाने उतरत असेल तर खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

महिनाभर आकडा हललाच नाही तर आधी शेजाऱ्यांकडे चौकशी करा, मग ५ ते १० टक्के कॅलरी कमी करा. आकडा उतरतोय, पण कणा आणखी टोचायला लागलाय, तर कॅलरी तशाच ठेवून जास्त प्रथिनांचं पाकीट शोधा आणि स्नायू एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. योग्य वजन गाठल्यावर तेच अन्न चालू ठेवून दर दोन आठवड्यांनी १० टक्के वाढवत जा. वजन एका जागी थांबलं की तेवढंच पुढे चालू ठेवा, आणि काटा मात्र माळ्यावर टाकू नका.